मंत्रांवाचून पूजा पूर्ण होते का? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गणेशोत्सव आणि महालक्ष्म्या आटोपल्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत पूजेतील मंत्रांविषयीचे प्रश्न बरेच होते. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांपैकी पाच येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : गणेश चतुर्थीला आम्ही चितार ओळीतून मूर्ती आणली, परंतु ठरलेल्या गुरुजींना दुपारपर्यंत येणे जमले नाही. शेवटी मुलाने मोबाइलवर पूजेचे ध्वनिमुद्रण लावले आणि ते ऐकत आम्ही एकेक उपचार करत गेलो. प्राणप्रतिष्ठेचे मंत्र आमच्यापैकी कोणीच म्हटले नाहीत. मग त्या मूर्तीत देवत्व आले असे समजावे का? मंत्र म्हटले नाहीत तर पूजेत नेमके काय उणे राहते? (एक वाचक भगिनी, महाल)

उत्तर : श्रद्धेने केलेली आपली पूजा वाया गेलेली नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन आपल्याला मोकळ्या मनाने वाचता येईल. पान, फूल, फळ किंवा पाणी जो भक्तीने अर्पण करतो त्याचे ते अर्पण मी स्वीकारतो, असे भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी म्हटले आहे आणि तेथे मंत्राची अट घातलेली नाही. तरीही पूजाविधीत मंत्राला जे स्थान आहे ते केवळ शोभेचे नाही आणि आपला दुसरा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

पूजेच्या आरंभीचे कलशपूजन आठवा. आपल्या नागपुरात तांब्यातले पाणी पेंचचे किंवा कन्हानचे, नळाला आलेले असते. त्यावर हात ठेवून ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति । नर्मदे सिन्धुकावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु ॥’ असे म्हटल्याने पाण्याचा रंग किंवा चव बदलत नाही. मात्र त्या क्षणापासून ते पिण्याचे किंवा भांडी विसळण्याचे पाणी राहत नाही, ते देवाच्या स्नानाचे होते आणि घरातील लहान मूलही त्याला एरवीसारखा हात लावत नाही. हात करतो ती क्रिया कोणासाठी आणि कशासाठी आहे, हे मंत्र ठरवतो. वैदिक कर्मकांडाचा विचार करणाऱ्या पूर्वमीमांसकांनी मंत्राचे मुख्य कार्य हेच मानले आहे. जे कर्म करावयाचे त्याची आणि ज्या देवतेसाठी करावयाचे तिची आठवण कर्माच्या वेळी मंत्रानेच करावी, अन्य रीतीने नव्हे, असा त्यांचा सिद्धान्त आहे.

याच संदर्भात पूजेतील एक नेहमीची गोष्ट मला फार बोलकी वाटते. देवाला वाहण्यासाठी दागिना नसेल तर आपण ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणतो, बसावयास आसन नसेल तर ‘आसनार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणतो आणि चार तांदूळ वाहून मोकळे होतो. म्हणजे द्रव्याला पर्याय आहे आणि तो शास्त्राने उदारपणे दिला आहे, पण ‘अलंकारार्थे’ हा शब्द गाळला तर ते तांदूळ अलंकार होत नाहीत. मानसपूजेत तर एकही वस्तू नसते. रत्नांचे सिंहासन, थंड पाण्याचे स्नान, दिव्य वस्त्रे ही सारी मनाने कल्पिलेली असतात आणि पूजा उरते ती केवळ शब्दांची. सामग्रीच्या यादीसाठी आपण बाजारात चार फेऱ्या मारतो आणि शब्द मात्र दुसऱ्यावर सोपवतो. हा क्रम उलटा व्हावा असे मला मनापासून वाटते.

आता प्राणप्रतिष्ठेविषयी. चतुर्थीची मूर्ती पार्थिव, म्हणजे मातीची आणि ठरावीक काळापुरती असते. तिच्या हृदयाला उजव्या हाताने स्पर्श करून ‘आं ह्रीं क्रों’ या बीजांनी सुरू होणारा मंत्र म्हणतात आणि ‘अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु अस्यै प्राणाः क्षरन्तु च’ या शब्दांनी मूर्तीत प्राण स्थिर व्हावेत अशी प्रार्थना करतात. अनेक घरी तुपात बुडवलेल्या दूर्वांनी मूर्तीच्या डोळ्यांना स्पर्श करण्याचीही रीत आहे. शेवटच्या दिवशी ‘यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम्’ हा श्लोक म्हणून, पुन्हा यावे अशी विनंती करत त्याच देवतेला निरोप देतात. देवघरातील शाळिग्राम किंवा बाण (बाणलिंग) यांच्या नित्यपूजेत आवाहन आणि विसर्जन करत नाहीत, कारण तेथे देवतेचे सान्निध्य कायमचे मानले आहे. यावरून लक्षात येईल की पार्थिव मूर्तीच्या पूजेला मंत्रांमुळेच आरंभ आणि शेवट मिळतो.

ध्वनिमुद्रणाची अडचण उच्चारांची नाही, कारण त्यातले उच्चार बहुधा आपल्यापेक्षा शुद्धच असतात. अडचण कर्त्याची आहे. संकल्पात पूजा करणारा स्वतःचे गोत्र आणि नाव उच्चारतो, संवत्सर, मास, तिथी सांगतो आणि ‘मी हे पूजन करीन’ अशा अर्थाने ‘करिष्ये’ म्हणतो. यंत्र हा ‘मी’ होऊ शकत नाही. शिवाय देशकालाच्या उच्चारात आणखी एक बारकावा आहे. पुण्याकडच्या पूजेत ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ असे म्हणतात, कारण पुणे गोदावरीच्या दक्षिणेला आहे. नागपूर गोदावरीच्या उत्तरेला असल्यामुळे येथे ‘उत्तरे तीरे’ म्हणावे लागते. तिकडचे ध्वनिमुद्रण येथे जसेच्या तसे लावले तर आपल्याच घरातील पूजेचा संकल्प दुसऱ्या तीरावर उच्चारला जातो.

घडले त्यासाठी प्रायश्चित्ताची गरज नाही. पुढील वर्षी मात्र संकल्प, कलशाचा श्लोक आणि प्राणप्रतिष्ठेची वरील एक ओळ एवढे तरी घरातील कोणीतरी स्वतः म्हणावे. बाकी उपचार ‘श्रीगणेशाय नमः’ या नाममंत्राने केले तरी चालतात. ध्वनिमुद्रण आधीचे आठ-पंधरा दिवस शिकण्यासाठी लावावे. त्या कामी ते उत्तम आहे.

प्रश्न : मी मिहानमध्ये अभियंता म्हणून काम करतो. घरी पंचामृताच्या वेळी आजोबा म्हणतात ते मंत्र मी अर्थासह वाचू लागलो, तेव्हा दह्याच्या मंत्रात दही कोठेच आढळले नाही, तेथे एका घोड्याची स्तुती निघाली. मंत्राचा क्रियेशी संबंध नसेल आणि म्हणणाऱ्यालाही अर्थ ठाऊक नसेल, तर मंत्र म्हणण्याला काय अर्थ राहतो? (एक तरुण वाचक, खामला)

उत्तर : आपण मूळ पाठापर्यंत गेलात याचा आनंद वाटला. दह्यासाठी म्हणतात ती ‘दधिक्राव्णो अकारिषम्’ ही ऋचा ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील आहे आणि दधिक्रा हा वेदांत वर्णिलेला दिव्य, विजयी अश्वच आहे. दुधासाठी ‘आप्यायस्व समेतु ते’, तुपासाठी ‘घृतं मिमिक्षे’, मधासाठी ‘मधु वाता ऋतायते’ आणि साखरेसाठी ‘स्वादुः पवस्व’ या ऋचा आहेत. त्यांपैकी घृत आणि मधु यांच्या ऋचांत ती ती वस्तू स्पष्ट आहे, ‘आप्यायस्व’ आणि ‘स्वादुः पवस्व’ या सोमाला उद्देशून आहेत, तर दह्याच्या ऋचेत संबंध नादाचा आहे.

एखादा मंत्र कोणत्या कर्मात योजावा याच्या निर्णयाला परंपरेत विनियोग म्हणतात. मंत्राचा द्रष्टा ऋषी, त्याचा छंद आणि त्याची देवता यांच्या बरोबरीने विनियोगही सांगितला जातो, तो यासाठीच. मंत्र प्रथम प्रकटला तो प्रसंग आणि आज तो म्हटला जातो तो प्रसंग एकच असावा, असा आग्रह परंपरेने कधी धरला नाही. आपल्या टेकडीच्या गणपतीसमोर भाविक भक्तिभावाने म्हणतात ती ‘गणानां त्वा गणपतिं हवामहे’ ही ऋचा ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात ब्रह्मणस्पती या वैदिक देवतेला उद्देशून आहे. शतकानुशतके ती गजाननासाठी म्हटली गेली आणि आज तिचे ते नाते कोणी नाकारू शकणार नाही. दधिक्राच्या ऋचेचा उत्तरार्धही पाहा: आमची मुखे सुगंधित होवोत आणि आमचे आयुष्य वाढो, अशी ती प्रार्थना आहे. दही अर्पण करताना ही प्रार्थना अस्थानी आहे असे मला वाटत नाही, कारण तेच दही पुढे पंचामृताच्या तीर्थातून आपल्याही मुखात जाते.

अर्थ न कळता म्हणण्याचा आपला प्रश्न मात्र फार जुना आणि फार गंभीर आहे. यास्काचार्यांच्या निरुक्त या वैदिक शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात कौत्स नावाच्या आचार्यांचे मत दिले आहे. मंत्रांना अर्थ नसतो, असे ते स्पष्ट म्हणतात. त्यांचे एक कारण असे की मंत्रातील शब्द आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. त्याजागी समानार्थी शब्द घालता येत नाही, तेव्हा महत्त्व अर्थाला नसून ध्वनीलाच असले पाहिजे. यास्कांनी हे मत खोडले आहे. मंत्रातील शब्द लोकव्यवहारातीलच आहेत म्हणून ते सार्थ आहेत, आणि ठरलेला क्रम तर ‘पितापुत्रौ’ यासारख्या नेहमीच्या बोलण्यातही असतो, असे त्यांचे उत्तर आहे. वेद पाठ करून ज्याला अर्थ कळत नाही तो केवळ ओझे वाहणारा खांब होय, हे कठोर वचनही निरुक्तातच येते.

या वादात मी यास्कांच्या बाजूचा आहे, परंतु कौत्सांनी दाखवलेली गोष्टही खोटी नाही. मंत्राचे भाषांतर म्हणजे मंत्र नव्हे. ‘त्र्यम्बकं यजामहे’ या ऋचेचा मराठी अर्थ कितीही सुरेख केला तरी रुग्णाच्या उशाशी बसलेली माणसे तो अर्थ वाचत नाहीत, ती ऋचाच म्हणतात. हजारो वर्षे असंख्य कंठांतून तशीच उच्चारली गेल्यामुळे तिला जे बळ आले आहे ते अर्थाच्या बेरजेत सापडत नाही. म्हणून अर्थ समजून मूळ शब्दच म्हणणे हा माझ्या मते खरा मार्ग आहे. आजोबांना अर्थ ठाऊक नसेल तर आपण तो त्यांना वाचून दाखवा आणि त्यांच्याकडून चाल आणि स्वर शिकून घ्या. ते शिक्षण पुस्तकातून मिळत नाही.

प्रश्न : उच्चार चुकला तर मंत्राचे उलटे फळ मिळते, असे लहानपणापासून ऐकत आलो. त्या भीतीने मी घरी मंत्र म्हणणेच सोडले आहे. ही भीती कितपत खरी? (एक निवृत्त शिक्षक, रामटेक)

उत्तर : या समजुतीचे मूळ ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्राच्या ग्रंथातील एका श्लोकात आणि त्यामागच्या वैदिक कथेत आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने आहुती देताना ‘इन्द्रशत्रुर्वर्धस्व’ असे म्हटले. या समासात उदात्त, म्हणजे उंच, स्वर शेवटी असेल तर ‘इंद्राचा वध करणारा’ असा अर्थ होतो आणि आरंभी असेल तर ‘इंद्र ज्याचा वध करणारा आहे’ असा. त्वष्ट्याचा स्वर चुकला आणि त्याचा पुत्र वृत्र इंद्राच्या हातून मारला गेला. या कथेत अक्षर बदललेले नाही, केवळ स्वराचे स्थान बदलले आहे. वेदमंत्रांच्या पठणात उदात्त, अनुदात्त आणि स्वरित यांना इतके महत्त्व का, हे यावरून समजते.

परंतु ही कथा श्रौतयज्ञातील सस्वर वेदमंत्राची आहे. घरातील पूजेत आपण म्हणतो त्यांतील बहुतेक श्लोक पौराणिक असतात आणि त्यांना वैदिक स्वर नसतातच. ‘वक्रतुण्ड महाकाय’, वर दिलेला कलशाचा श्लोक, नैवेद्याचा ‘शर्कराखण्डखाद्यानि दधिक्षीरघृतानि च’ हा श्लोक, हे सारे साध्या छंदात म्हणावयाचे आहेत. स्नानाच्या ‘गङ्गासरस्वतीरेवापयोष्णीनर्मदाजलैः’ या श्लोकातील पयोष्णी म्हणजे विदर्भातील पूर्णा, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि हे कळल्यापासून तो श्लोक मला अधिकच जवळचा झाला आहे. नाममंत्र तर याहूनही सोपे आहेत. देवतेचे नाव चतुर्थी विभक्तीत घ्यावे आणि पुढे ‘नमः’ म्हणावे. देवतेला उद्देशून दिले जाणारे सारे दान त्या एका विभक्तीत सामावते. भागवताच्या अकराव्या स्कंधात वैदिक, तांत्रिक आणि मिश्र अशा तीन पद्धती सांगून त्यांपैकी इष्ट वाटेल तिने आपले पूजन करावे असे भगवंतांनी उद्धवाला सांगितले आहे.

भीती नको याचा अर्थ निष्काळजीपणा चालेल असा मात्र नाही. सार्वजनिक मंडळांत आरतीनंतर जी मंत्रपुष्पांजली म्हटली जाते ती ऐकताना मला खरोखर वाईट वाटते. ‘साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यम्’ यातील ‘भौज्यम्’ हा ऐतरेय ब्राह्मणात आलेला राज्याचा एक प्रकार आहे. घाईत त्याचे ‘भोज्यम्’ होते आणि राज्याच्या वर्णनात जेवण येऊन बसते. ‘सार्वायुष आन्तादापरार्धात्’ हे शब्द तर जेथे श्वास संपेल तेथे तोडले जातात. त्याच पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाण्यासारखे म्हणणारा, घाईने म्हणणारा, डोके हलवणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि दबलेल्या आवाजात म्हणणारा. आज पुस्तक समोर ठेवण्याला मी दोष देणार नाही, पण घाई हा दोष आपण निश्चितपणे टाळू शकतो.

राहिलेल्या उणिवेची सोय पूजेतच केलेली आहे. प्रत्येक पूजेच्या शेवटी ‘मन्त्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर’ असे म्हणून, झालेली पूजा परिपूर्ण मानून घ्यावी अशी विनंती आपण करतो. मंत्र चुकणार हे ज्या परंपरेने गृहीत धरले तिने चुकणाऱ्यासाठी शिक्षा राखून ठेवली असेल, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या गावात कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे. एखाद्या जाणकार अभ्यासकाकडून चार श्लोकांचे उच्चार तपासून घेणे आपल्याला सहज शक्य आहे. आपण पुन्हा मंत्र म्हणू लागावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. त्यांची सारी तयारी घरातील स्त्रिया करतात, पण पूजेच्या वेळी श्रीसूक्त म्हणू लागले की मोठी माणसे थांबवतात. स्त्रियांनी वेदमंत्र म्हणू नयेत हे बरोबर आहे का? (एक वाचक भगिनी, मानेवाडा)

उत्तर : स्मृतिग्रंथांत आणि नंतरच्या निबंधग्रंथांत, म्हणजे धर्मशास्त्राच्या संकलनांत, स्त्रियांना आणि समाजाच्या फार मोठ्या भागाला वेदमंत्रांपासून दूर ठेवणारी वचने आहेत, हे नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. महाराष्ट्रात १८९९ साली सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणात कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनाही, त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हटले जातात, याविरुद्ध उभे राहावे लागले होते. मंत्र कोणी म्हणावा हा प्रश्न केवळ देवघरातला नव्हता, तो माणसाच्या प्रतिष्ठेचाही होता.

पण याच परंपरेत दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. ऋग्वेदात लोपामुद्रा, घोषा, अपाला यांच्या नावावर ऋचा आहेत. नवरात्रात सप्तशतीच्या पाठानंतर म्हटले जाणारे ‘अहं रुद्रेभिर्वसुभिश्चरामि’ हे देवीसूक्त वाक् आम्भृणी या ऋषिकेचे आहे. ज्या सूक्ताची द्रष्टी स्त्री आहे ते स्त्रीने म्हणू नये, हे म्हणणे मला कधीच पटलेले नाही. हारीत या प्राचीन धर्मशास्त्रकाराच्या वचनात उपनयन होऊन वेदाध्ययन करणाऱ्या ब्रह्मवादिनींचा उल्लेख आहे. आपल्या राज्यात साकोरीला उपासनी महाराजांच्या परंपरेतील कन्या वेदोक्त कर्मे करत आल्या आहेत आणि पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्याचे शिक्षण दिले आहे. आपण श्रीसूक्त अवश्य म्हणावे. त्याच्या १५ ऋचा स्वरांसह शिकून घ्याव्यात, म्हणजे आक्षेपाला जागा उरणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातील ज्येष्ठांना जरूर सांगा. अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या घरात आणताना उंबरठ्यापासून पावले काढत ‘लक्ष्मी आली, सोन्याच्या पावलांनी आली’ असे स्त्रियाच म्हणत असतात. देवतेला नावाने हाक मारणे, ती आली असे शब्दांनी सांगणे आणि तिला घरभर फिरवून स्थानावर बसवणे हे सारे आवाहनच आहे. गुरुजी येण्यापूर्वीच, मराठीत आणि स्त्रियांच्या तोंडून, ते पूर्ण झालेले असते. श्रीसूक्तातील पहिली ऋचा तरी वेगळे काय मागते? ‘तिला माझ्याकडे घेऊन ये’ अशी ती अग्नीला केलेली विनवणी आहे.

प्रश्न : मेट्रोने कामावर जाताना मी बोटातल्या यांत्रिक गणकावर ‘नमः शिवाय’ चा जप करतो. माळ नसेल आणि आसन नसेल तर तो जप मानावा का? (एक वाचक, वर्धा मार्ग)

उत्तर : अवश्य मानावा. वाचिक (स्पष्ट उच्चाराचा), उपांशु (ओठांतल्या ओठांत) आणि मानस (मनातल्या मनात) अशा जपाच्या तीन प्रकारांत मानस जप श्रेष्ठ मानला आहे आणि गर्दीच्या प्रवासात तोच सोयीचाही आहे. ‘नमः शिवाय’ हे शब्द तैत्तिरीय संहितेतील रुद्राध्यायाच्या आठव्या अनुवाकात येतात. नामजप म्हणून त्यांना स्थळकाळाचे बंधन नाही. गणकाने केवळ मोजणी होते, तेव्हा त्याला हरकत घेण्याचे कारण दिसत नाही. संकल्प करून, ठरावीक संख्येने एखादे अनुष्ठान करावयाचे असेल तर मात्र ते घरी आसनावर बसून, १०८ मण्यांच्या रुद्राक्षमाळेवर करावे, मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, ओलांडू नये, माळ तेथून उलटी फिरवावी. बीजाक्षरांचे तांत्रिक मंत्र पुस्तकात किंवा मोबाइलवर वाचून परस्पर सुरू करू नयेत, ते जाणत्या गुरूकडून घ्यावेत.